कोथळे

'कोथळा' हा शब्द कानी पडताच मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे प्रतापगडाचा पायथा उभा राहावा, हे स्वाभाविक आहे. १६५९ सालापासून या शब्दास जो एक तांबडा डाग लागला, तो आमच्या शालेय पुस्तकांनी आजतागायत पुसू दिलेला नाही. आमच्या घरी मात्र हाच शब्द दरवर्षी भाद्रपदात अत्यंत सोज्ज्वळ स्वरात उच्चारला जातो. "उद्या अनुराधा. कोथळे काढा, त्यांना जरा ऊन द्या," असे काकू म्हणाल्या की घरातील कोणी तरी निमूटपणे शिडी घेऊन माळ्याकडे वळतो. एका वर्षी आमचे नवे जावई प्रथमच सणास आले होते. त्यांचा जन्म व शिक्षण ही दोन्ही मुंबईत झालेली. हे वाक्य ऐकून त्यांच्या हातातील चहाची बशी क्षणभर थरथरली, असे आम्हांस स्पष्ट स्मरते.

तेव्हा प्रथम खुलासा करणे इष्ट. पुण्याकडे ज्यांना गौरी म्हणतात, त्यांना आमच्या घरी महालक्ष्म्या म्हणण्याचा प्रघात आहे. अनुराधा नक्षत्रावर त्या येतात, ज्येष्ठा नक्षत्रावर पुरणावरणाचे जेवतात आणि मूळ नक्षत्रावर परत जातात. मुखवटे पितळेचे, पिढीजात, सोवळ्यात जपलेले. पण नुसत्या मुखवट्याने देवी होत नाही. तिला उभे राहावयास अंग हवे, लुगडे नेसावयास कंबर हवी, बांगड्या भरावयास मनगट हवे. हे जे कापडाचे, आत चिंध्या ठासून भरलेले अंग, त्यासच कोथळा म्हणतात. वर्षातील तीन दिवस त्यावर पैठणी चढते. उरलेले दिवस ते जुन्या चादरीत गुंडाळून अडगळीत पडलेले असते. देवत्वाची इतकी अल्प मुदत दुसऱ्या कोणत्या मूर्तीच्या वाट्यास येत असेल, असे आम्हांस वाटत नाही.

आमचे मूळ घर सोनईस. सोनई हे नेवासे तालुक्यातील मोठे गाव. ज्यांना ते ठाऊक नसते त्यांना शनिशिंगणापूर ठाऊक असते. घरांना दारे न लावण्याच्या रीतीमुळे प्रसिद्धी पावलेले ते गाव आमच्या शेजारचेच. आमच्या घरास दारे आहेत, कड्या आहेत, माळ्याच्या झडपेस कुलूपही आहे. तथापि तीन वर्षांपूर्वी जे चोर आत शिरले त्यांना यांपैकी कशाचीच अडचण पडली नाही. ते उंदीर होते. चादर सोडून पाहतो तो ज्येष्ठेच्या पाठीस मूठभर भोक, आणि कनिष्ठेचा डावा हात खांद्यापासून निखळलेला.

त्या दिवशी घरात जी सभा भरली तीत तीन पक्ष पडले. पहिला पक्ष म्हणाला, नगरच्या बाजारात फायबरचे तयार सांगाडे मिळतात, हलके, घडीचे, हात वेगळे काढता येणारे, उंदरांना न रुचणारे, ते आणावेत. दुसरा पक्ष म्हणाला, जुने ते टाकू नये. तिसऱ्या पक्षात आम्ही एकटेच होतो, आणि आमचे मत ऐकून आमचे आम्हांसच मोठे समाधान वाटले. आम्ही म्हणालो की पूजेस नवे सांगाडे आणावेत आणि जुने कोथळे पुण्यास नेऊन काचेच्या कपाटात ठेवावेत. आजीच्या हातची ही कला आहे. तिचे स्थान आता माळ्यावर नाही. कित्येक वर्षे आम्ही पुण्यातील स्नेह्यांना सांगत आलो होतो की आमची आजी जुन्या लुगड्यांतून अशी काही शिल्पे करीत असे की राजा केळकर वस्तुसंग्रहालयात दिवे आणि अडकित्ते यांच्या शेजारी ती शोभावीत. स्नेहीही माना डोलावीत. ज्यांनी एखादी वस्तू पाहिलेलीच नसते, त्यांची मान फार लवकर डोलते.

काकू काही बोलल्या नाहीत. त्यांनी ओसरीवर जुने जाजम अंथरविले, चष्मा चढविला आणि कात्री मागितली. फाटलेल्या भागाची शिवण उसवून आतील कुजलेले भरण काढावे, मग काय ते ठरवावे, इतकाच त्यांचा उद्देश होता. आम्ही मात्र वही-पेन्सिल घेऊन बसलो.

सर्वांत वर जाड मांजरपाट. त्याखाली लुगड्याचे पदर आडवे-उभे गुंडाळलेले, केळीच्या सोपटांसारखे एकावर एक. काकू बोटाने एकेक पदर सोडवीत आणि ओळखीच्या माणसास हाक मारावी तशी त्याची ओळख सांगत. ही हिरवी चौकड सासूबाईंच्या रोजच्या लुगड्याची. हे धोतर मामंजींचे. गुडघ्यावर दंड घातलेला आहे तो पाहा. हा पटक्याचा तुकडा गड्याचा. हे खणाचे कापड आमच्या आत्याच्या पहिल्या चोळीचे. सुती कापड पन्नास धुण्यांनंतर जितके मऊ व चिवट होते तितके ते कोऱ्या अवस्थेत कधीच नसते. त्याचा पीळ सैल पडतो, सुई सहज शिरते, आणि दाबून भरले की त्यास दिलेला आकार ते सोडीत नाही. म्हणून कोथळ्यास काय किंवा गोधडीस काय, जुनेरच लागते. ज्याला आपण टाकाऊ म्हणतो तो कच्चा माल पुष्कळदा दहा वर्षे अंगावर वापरून मुद्दाम तयार करावा लागतो!

त्या वेष्टणांच्या आत लाकूड लागले. निखळलेल्या हातातून वीतभराहून लांब, गुळगुळीत, मध्यावर झिजलेला एक दांडका निघाला. आमच्या चिरंजीवांस तो क्रिकेटचा स्टंप वाटला. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. सोनईभोवती आता मुळेच्या कालव्यावर ऊस उभा आहे, गावचा सहकारी साखर कारखाना आहे, शेताशेतांतून ट्रॅक्टर फिरतात, आणि बैल पाहावयाचा तर पोळ्यापर्यंत थांबावे लागते. ती शिवळ होती. जुवाच्या भोकात उभी घालून बैलाची मान जागेवर ठेवणारी लाकडी खुंटी, ती शिवळ. दोन देवींचे चार हात, चार शिवळा. कंबरेचा घेर म्हणून फुटक्या चाळणीचे कडे बसविलेले होते, आणि तळाशी, मुखवट्याच्या वजनाने मूर्ती पुढे कलंडू नये म्हणून, जात्याचा एक तुकडा कापडात बांधून ठेवलेला. पितळी मुखवटा सगळा पुढे जड असतो. तो पेलण्यासाठी मान किंचित मागे घ्यावी लागते आणि तळाचे वजन टाचेकडे सरकवावे लागते. हे गणित करणाऱ्याने कोणतेही पुस्तक वाचलेले नव्हते, पण गणित अचूक होते. बोटांचा विचार तर त्याहून बारीक. पाचही बोटे निरनिराळी शिवून त्यांत चिंधीची वात भरलेली, परंतु तळव्यास मुद्दाम भरण कमी. त्यामुळे हात चेपून लहान बांगडीतूनही पार होई आणि मग आपोआप फुले. बायकांचे हात कासाराकडे असेच चेपले जातात.

आम्ही भारावून म्हणालो, "काकू, आजीची ही दृष्टी पाहून थक्क व्हावयास होते."

काकूंनी चष्म्यावरून आमच्याकडे पाहिले. "कोणाच्या आजीची? तुझ्या आजीला उशीचा अभ्रा सरळ शिवता येत नव्हता. तिने शिवलेल्या पिशवीतून जोंधळे गळायचे."

पुढील अर्ध्या तासात आम्हांस जे कळले, ते आमच्या घरी कोणी लपविलेले होते असे म्हणता येणार नाही. ते फक्त कोणी सांगितले नव्हते.

१९७२ पर्यंत आमच्याकडे कोथळे नव्हतेच. धान्याने भरलेल्या घागरी एकीवर एक रचून त्यांवर मुखवटे बसवीत, आणि घागरींभोवती लुगडे गुंडाळीत. त्या वर्षी पाऊस गेला. रेशनवर मिलो नावाची तांबडी परदेशी ज्वारी मिळू लागली, दुष्काळी कामांवर खडी फुटू लागली, सुकडी वाटली जाऊ लागली. आमच्या घरात खाण्यापुरते धान्य होते. परंतु आठ घागरी भरून तीन दिवस देवीच्या अंगात अडवून ठेवण्याइतके ते नव्हते. रिकाम्या घागरींवर महालक्ष्मी बसविणे आजीस अशुभ वाटले. म्हणून कापडाचे अंग करण्याची कल्पना निघाली. आजीचा वाटा तो तेवढा. बैल घोडेगावच्या बाजारी आधीच विकले गेले होते. रिकाम्या गोठ्यात जू भिंतीस टेकून उभे होते. पाथर्डीकडून कामासाठी आलेल्या एका कुटुंबातील बाई त्या गोठ्यात बसून दहा दिवस शिवीत होती. दाभण तिचे, दोरा आमचा. शिवळा तिनेच मागून घेतल्या. मजुरी दोन पायल्या मिलो आणि एक जुने लुगडे.

"आणि पुरे झाल्यावर?" आम्ही विचारले.

"पुरे झाल्यावर सासूबाईंनी गोमूत्र शिंपडले आणि कोथळे आत घेतले."

"तिने महालक्ष्म्या पाहिल्या की नाही?"

"तिला बोलावलं गेलं नाही," काकू म्हणाल्या. या वाक्यात बोलावणारा कोणीच नाही, हे आमच्या लक्षात आले. आणि त्यांच्याही आले असावे, कारण त्यांनी चष्मा काढून पुसावयास घेतला.

बाईचे नाव काय? काकूंना ते आठवेना. "अमक्याची आई" म्हणून तिला हाक मारीत, आणि तो अमका चार वर्षांचा मुलगा. पण एक वस्तू त्यांना आठवली. त्या उठून आतल्या खोलीत गेल्या आणि एक गोधडी घेऊन आल्या. ही गोधडीही तिचीच. आम्ही तेव्हा पाळण्यात होतो, आणि पुढे दोन हिवाळे आम्ही हिच्याखाली काढले. काठापासून आरंभ करून चौकोनामागून चौकोन आत आत घेत जाणारा धावदोरा, ज्वारीच्या दाण्याएवढा टाका, आणि प्रत्येक कोपऱ्यावर वळताना एकमेकांवर घातलेले दोन टाके, जणू वाट बदलल्याची खूण. आम्ही उसवलेला खांदा उचलून पाहिला. शिवण जेथे दंडाकडे वळली होती तेथे तेच दोन टाके होते. हस्ताक्षर ओळखावयास अक्षर यावेच लागते असे नाही.

येथे आम्ही थोडे विषयांतर करतो. चिंध्या, दोर, काथ्या आणि मोडक्या वस्तू यांतून शिल्प होऊ शकते, ही गोष्ट आता नवी राहिलेली नाही. १९४९ साली मुंबईत जन्मलेल्या मृणालिनी मुखर्जी यांनी तागासारख्या दोरांना रंग देऊन, गाठीवर गाठ मारून, माणसाहून उंच अशा देवता उभ्या केल्या. 'यक्षी', 'वनश्री' ही त्यांची नावे. लोखंडाच्या सांगाड्यावर दोराच्या घड्या अशा लोंबतात की पाहणाऱ्यास त्यांत वेल दिसावी, वस्त्र दिसावे आणि शरीरही दिसावे. २०१५ च्या जानेवारीत दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कलादालनात त्यांचे मोठे प्रदर्शन उघडले आणि अवघ्या काही दिवसांत त्या निवर्तल्या. २०१९ मध्ये न्यूयॉर्ककरांनी त्यांचे काम डोळे भरून पाहिले. चंदीगडचे नेकचंद हे तर सरकारी बांधकाम खात्यातील रस्त्यांचे निरीक्षक. फुटक्या बांगड्या, कपबश्या, विजेच्या बैठका यांतून त्यांनी जंगलात वर्षानुवर्षे चोरून एक नगरी वसविली. ती १९७६ साली लोकांस खुली झाली. त्यांनी चिंध्यांच्याही मोठमोठ्या बाहुल्या केल्या होत्या. इकडे आमच्या कोकणात पिंगुळीच्या ठाकर मंडळींनी लाकूड आणि कापड यांच्या कळसूत्री बाहुल्या पिढ्यान्‌पिढ्या नाचविल्या, आणि २०२१ मध्ये परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाल्यावर आमच्यासारख्या पुष्कळांना पिंगुळी नकाशात कोठे आहे हे शोधावेसे वाटले.

ही नावे आम्ही येथे घेतली ती आमच्या कोथळ्यांस त्यांच्या पंक्तीस बसविण्यासाठी नव्हे. प्रत्येक घरगुती बाहुलीस शिल्प म्हणून गौरविण्याची जी एक स्वस्त रीत अलीकडे पडली आहे, तिचा आम्हांस कंटाळा आहे. आम्ही स्वतः ती वर्षानुवर्षे आचरली असल्यामुळे तर अधिकच. मुखर्जी यांनी काय करावे हे त्यांस कोणी सांगितले नव्हते. आमच्या गोठ्यात बसलेल्या बाईस उंची सांगितली होती, कंबर सांगितली होती आणि दिवस सांगितले होते. परंतु शिवळ हात होऊ शकते, हे तिला कोणी सांगितले नव्हते. ते तिने जुवाकडे पाहून ठरविले. तेवढ्या एका क्षणापुरता तरी हा भेद आम्हांस नीट सांगता येत नाही. आणि वस्तुसंग्रहालयातील काचेच्या कपाटात तिचे काम आम्ही ठेवले असते, तर त्याखालच्या चिठ्ठीवर आम्ही कोणाचे नाव लिहिणार होतो, हे वाचकांनी वर वाचलेलेच आहे.

नेवाशाची एक गोष्ट या संदर्भात आम्हांस राहून राहून आठवते. नेवासे म्हटले की ज्ञानेश्वरी आणि पैसाचा खांब एवढेच सामान्यतः मनात येते, आणि ते योग्यच आहे. पण १९५४ ते १९५६ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वतीने डॉ. हसमुख सांकळिया यांनी तेथे प्रवरेच्या काठी उत्खनन केले, तेव्हा तीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत लहान मुलांची दफने सापडली. त्या काळी मूल गेले की त्यास मातीच्या रांजणांत घालून पुरीत. त्यांतील एका बालकाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती, आणि त्या मण्यांत ओवलेल्या दोऱ्याचा अंश टिकून राहिला होता. कापड इतकी वर्षे जमिनीत राहत नाही; परंतु तांब्याच्या क्षारांनी त्या दोऱ्यास कुजू दिले नाही. तज्ज्ञांनी तो तपासला तेव्हा त्यात रेशीम आणि कापूस हे दोन्ही आढळले. सोनईहून नेवासे काही कोसांवर. लहानपणी तेथील मोहिनीराजाच्या दर्शनास आम्ही कित्येकदा गेलो, पण हा दोरा आम्हांस ठाऊक नव्हता. तो कोणी कातला, कोणी ओवला, हे आता कोणीही सांगू शकणार नाही. तेथे तीन हजार वर्षांची सबब आहे. आमच्या घरी उणीपुरी पन्नास वर्षे झाली होती.

असो. आम्ही त्या बाईचा शोध घेतला, असे म्हटले तर त्यात फार पराक्रम होता असे वाटेल. वस्तुतः दोन चौकश्यांत पत्ता लागला. कुटुंब परत पाथर्डीकडे गेलेच नव्हते; गावाच्या कडेस स्थायिक झाले होते. बाई वारून वीस वर्षे झाली होती, तो चार वर्षांचा अमकाही हयात नव्हता, परंतु त्याची मुलगी सासरहून येऊन गावातच राहत होती आणि ब्लाउज शिवणे, साड्यांना फॉल-पिको करणे यावर तिचे घर चालत होते. आम्ही दोन्ही कोथळे गाडीत घालून तिच्या दारी गेलो. आम्ही बरोबर एक छोटेसे भाषणही तयार करून नेले होते. ते करण्याचा प्रसंग आला नाही, कारण तिने कोथळा हातात घेताच उलटा केला, शिवण पाहिली आणि म्हणाली, "हे आजीचं."

मग तिने विचारले, "दुरुस्त करायचं आहे का?"

आम्ही म्हणालो, होय. तिने मशीनवरचे काम बाजूस सारून नीट तपासणी केली. पाठीचे भरण सगळे बदलावे लागेल. टेरिकॉट किंवा नायलॉनच्या चिंध्या चालणार नाहीत. त्या घसरतात, आत दबत नाहीत, दोन वर्षांत पोट खाली उतरते. जुने सुती द्या. दोन्हींचे मिळून बाराशे रुपये. येथे आमच्या तोंडून केवळ सवयीने "हजार करा" असे निघून गेले. ते शब्द आम्हांस परत घेता आले असते तर बरे झाले असते. तिने आमच्याकडे पाहिले, रागाने नव्हे, आणि म्हणाली, "काका, आजीनं किती घेतले होते?"

आम्ही खरे ते सांगितले. ती हसली. "मग बाराशेच द्या."

निघण्यापूर्वी आम्ही एक विनंती केली. धाकट्या महालक्ष्मीचा डावा खांदा उजव्याहून बोटभर खाली आहे. त्यामुळे ती किंचित कलून उभी राहते, आणि आमच्या घरात सर्व म्हणतात की धाकटी लाजते. तीन पिढ्यांनी तिच्या त्या लाजण्यावर कौतुकाने बोलून झाले आहे. तेवढे तसेच ठेवावे.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली की आजी शेवटपर्यंत एक बोलत असे: वाड्यातले एक काम आपल्या हातून वाकडे झाले. चार शिवळांपैकी एक बैलाच्या मानेने झिजून आखूड झालेली होती. दुसरी मागितली तर घरात नव्हती, आणि सण दोन दिवसांवर आला होता. दुसऱ्या वर्षी नीट करून देते असे आजीने सांगून ठेवले होते. पण दुसऱ्या वर्षी पाऊस पडला, आणि पुन्हा कोणी हाक मारली नाही.

आमच्याजवळ यावर उत्तर नव्हते. ज्या दोषास आम्ही पन्नास वर्षे लावण्य म्हणत आलो, तो दोष करणारणीस दोष म्हणूनच डाचत होता, आणि तिला तो सुधारावयाचा होता. आम्ही म्हणालो, तुम्हांला योग्य वाटेल तसे करा. आजीचे नावही आम्ही विचारून घेतले. ते आता कोथळ्यांच्या नव्या ट्रंकेच्या झाकणास आतून रंगाने लिहिलेले आहे. या लेखातही ते छापावे अशी आमची इच्छा होती, पण नातीने नको म्हटले. "मासिकात कशाला? तिला काय वाचता येत होतं?" असे ती म्हणाली. या युक्तिवादातील चूक दाखविण्याचा आम्हांस धीर झाला नाही.

भरणासाठी सुती कापड शोधताना घरात मोठी तारांबळ उडाली. सहा कपाटे भरून कपडे, आणि शुद्ध सुती जुनेर म्हणून एक शेरभर निघेना! जुन्या साड्या बोहारणीस देऊन झालेल्या. तिच्याकडून आलेली पातेली फळीवर चकाकत होती. अखेर आजोबांची दोन धोतरे, काकूंचे एक इरकली लुगडे आणि आमचे स्वतःचे चार खादीचे सदरे अशी वर्गणी गोळा झाली. सदरे देताना सौभाग्यवतींनी सुचविले की देवीच्या पोटात जाण्याचा मान लेखनाने नाही तरी सदऱ्यांनी का होईना मिळत आहे, यात समाधान मानावे.

अनुराधेच्या आदल्या दिवशी कोथळे आले. फायबरचा विषय पुन्हा कोणी काढला नाही. धाकटीच्या खांद्यात आता बांबूचा तुकडा होता, इतर तिघींच्या मापाचा. झिजलेली शिवळ तिने कागदात गुंडाळून वेगळी परत केली होती. ती सध्या आमच्या लिहिण्याच्या मेजावर आहे आणि तिचा उपयोग आम्ही कागद उडू नयेत म्हणून करतो. मुखवटे चढले, पैठण्या नेसवून झाल्या. धाकटी ताठ उभी राहिली. सगळ्यांनाच ते चमत्कारिक वाटले; मुलांनी तर उघड कुरकूर केली की ही आपली धाकटी नव्हे. काकू बराच वेळ समोर बसून होत्या. नंतर म्हणाल्या, "हिची नजर आता दारावर येते."

ज्येष्ठेच्या दिवशी जेवावयास येण्याचे आमंत्रण आम्ही स्वतः जाऊन केले होते. दुपारची पंगत उठली तरी ती आली नाही. सोळा भाज्यांचे पान झाकून ठेवले होते. दिवेलागणीच्या सुमारास ती दोन मुलींना घेऊन आली. लग्नाच्या ब्लाउजांची घाई होती, म्हणाली. देवघराच्या उंबऱ्यापाशी ती थांबली. तेथे तिला कोणी थांबविले नव्हते. काकू भिंतीस हात टेकून उठल्या, पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "आत ये ग. तुझीच वाट पाहत होतो."

ती आत आली. मुली डोळे विस्फारून दागिने पाहू लागल्या. तिने हात जोडले, आणि मग गुडघ्यांवर बसून धाकटीच्या निऱ्या किंचित बाजूस सारल्या. कंबरेची शिवण तिने अंगठ्याने दाबून पाहिली, वर दंडाशी हात घालून तेथील टाकाही चाचपला, आणि निऱ्या जशाच्या तशा सारख्या केल्या.